थंडी पिकवणारा मुलूख

सोनमर्गच्या अलीकडे रस्ता डोंगराच्या पोटात शिरतो आणि साडेसहा किलोमीटरांनी पलीकडे निघतो. हा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाला. आम्ही त्यातून गेलो त्याच वर्षीच्या जूनअखेर. आमचा चालक द्रासचा, पन्नाशी ओलांडलेला. बाहेरच्या उजेडात येताच त्याने वरच्या उतारांकडे बोट दाखवलं. "जनाब, बर्फाचे लोंढे इथेच खाली यायचे. हिवाळा आला की सोनमर्गला कुलूप. आता जानेवारीतही इथे चहा मिळतो."

कुलूप हा शब्द पुढे सगळ्या प्रवासात कानावर येत राहिला. दुकानाला कुलूप, खिंडीला कुलूप, नळाला कुलूप. लडाखचा सगळा संसार या कुलपाच्या आधी आणि नंतर असा मोजला जातो.

आम्ही तिघं तासगावचे. द्राक्ष आणि बेदाणा यांत घराच्या दोन पिढ्या गेल्या. आमच्याकडे शीतगृहाशिवाय बेदाण्याचा रंग टिकत नाही. म्हणजे थंडी आम्ही विकत घेतो आणि दर महिन्याला तिचं वीजबिल भरतो. जिथे ती फुकट आणि अमाप आहे तिथली माणसं तिचं काय करतात, तिच्यापायी काय सोसतात, हे बघायचं मनात होतं. म्हणून पँगाँग आणि नुब्रा या नेहमीच्या जागा सोडून दिल्या. झोजीलातून आत शिरायचं, पूर्वेला चांगथांगच्या पठारापर्यंत जायचं आणि मनालीच्या बाजूने बाहेर पडायचं असं ठरवलं.

झोजीला ११,५७५ फुटांवर आहे. लडाखच्या खिंडींत ती बुटकी, पण सर्वांत छळणारी. काश्मीरकडून येणारं बाष्प इथे अडतं आणि बर्फ होऊन पडतं. चढताना सूचिपर्णी झाडं आणि भूर्जांची बनं सोबत होती. खिंड ओलांडून थोडं पुढे गेलो आणि हिरवा रंग संपला. पुढे फक्त दगड, माती आणि आकाश. लेहला वर्षाकाठी जेमतेम चार इंच पाऊस पडतो. आम्ही माण-खटावला दुष्काळी म्हणतो. तिथेही याच्या चौपट पडतो.

याच खिंडीत नोव्हेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्याने रणगाडे चढवले होते आणि लेहची वाट मोकळी केली होती. आजची लढाई बर्फाशी आहे. पूर्वी हा रस्ता पाच-सहा महिने बंद राहायचा. सीमा सडक संघटनेच्या बर्फ कापणाऱ्या यंत्रांनी तो काळ कमी करत आणला आणि २०२५ मध्ये तर तो ३२ दिवसांवर आला. खाली डोंगरातून सुमारे १३ किलोमीटरांचा बोगदा खोदला जात आहे. तो झाला की कुलूप कायमचं निघेल. रस्त्यावर डांबर टाकणारे मजूर भेटले ते झारखंडच्या दुमक्याचे. तोंडाला फडकी बांधलेली, हात काळे. काम होण्यासारखे महिने पाच. त्यात वर्षाची कमाई करून घरी जायचं. लडाखचे रस्ते संथाल परगण्यातल्या माणसांच्या श्वासावर उभे आहेत, हे मला आधी ठाऊक नव्हतं.

द्रासला जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं थंड वस्तीचं गाव अशी पाटी आहे. तो क्रमांक कोणी लावला ते सोडा. हिवाळ्यात पारा उणे वीसच्या खाली जाणं इथे नवलाचं नाही. आमच्या चालकाने त्या दिवसांचा हिशोब सांगितला. रात्री गाडीची बॅटरी काढून घरात बुखारीजवळ, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीजवळ, ठेवायची. सकाळी इंजिनाखाली शेगडी सरकवायची. डिझेल तर गारठून मेणासारखं व्हायचं. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल इथे आणलं, तेव्हापासून त्याची गाडी जानेवारीतही चालते. इंधनातला एवढासा बदल, पण त्याच्या घरात दोन महिन्यांचं जास्तीचं उत्पन्न आलं. थंड मुलखातला विकास पुष्कळदा असल्या बारीक गोष्टींत असतो, आणि तो कुठल्या कोनशिलेवर लिहिलेला नसतो.

कारगिल म्हटलं की आपल्याला १९९९ आठवतं. कारगिलकर मात्र आधी जर्दाळूची गोष्ट काढतात. देशात सर्वाधिक जर्दाळू लडाखमध्ये पिकतो. सुरू आणि सिंधू या नद्यांच्या खालच्या खोऱ्यांत प्रत्येक घरामागे दहा-वीस झाडं. आम्ही गेलो तेव्हा फळं हिरवट होती, तोड जुलै-ऑगस्टात. एका स्थानिक पुरीगपा कुटुंबाने छतावर नेऊन वाळवणाची जागा दाखवली आणि गेल्या वर्षीच्या सुक्या जर्दाळूंची, इथल्या भाषेत फटिंगची, वाटी पुढे केली. कोरडी हवा, कडक ऊन, गार रात्र. आमच्याकडे द्राक्षाला डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये पंधरवडाभर वाळवावं लागतं, शिवाय अवकाळी पावसाची धास्ती. इथे फळ छतावर पसरलं की काम झालं. मी त्या छतावर बराच वेळ उभा होतो.

घरच्या बाईंनी बी फोडून दिलं. आतला गर बदामासारखा गोड. रक्त्से कार्पो ही जात, म्हणजे पांढऱ्या बीचा जर्दाळू, फक्त लडाखची. २०२२ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. लडाखच्या उत्पादनाला मिळालेलं ते पहिलं. तरीही मालाला भाव नाही, अशी घरच्यांची तक्रार. कारणं मला ओळखीची वाटली. छतावर वाळवलेला जर्दाळू तपकिरी होतो आणि बाजाराला केशरी हवा असतो. तो रंग गंधकाच्या धुरीने टिकतो. आमच्या बेदाण्यावर हेच प्रयोग होऊन गेले आहेत. ताज्या फळाची अडचण वेगळी. फळ पोखरणारी कॉडलिंग मॉथ नावाची कीड लडाखमध्ये आहे, म्हणून इथलं ताजं फळ काश्मीरकडे न्यायला अनेक वर्षं मनाई होती. गेल्या काही वर्षांत दार किलकिलं झालं. २०२१ मध्ये इथला ताजा जर्दाळू विमानाने दुबईलाही गेला. पण पिकल्यावर दोन-तीन दिवसांत मऊ पडणारं फळ, मध्ये झोजीला आणि वाटेत शीतवाहन नाही. थंडीच्या मुलखात फळ उन्हाळ्याच्या उकाड्याने नासतं.

लामायुरूचा जुना मठ आणि चंद्रावरच्यासारखी पिवळी माती बघून आम्ही सिंधूच्या काठाने पुढे निघालो. आल्चीजवळ निम्मू-बाझगो हा ४५ मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प आहे. इथल्या विजेची गंमत अशी की नदी उन्हाळ्यात भरून वाहते तेव्हा घराला वीज फारशी लागत नाही आणि जानेवारीत जीव गोठतो तेव्हा नदीच आटलेली असते. बर्फ वर डोंगरातच अडकून पडतो. म्हणून कित्येक वर्षं लेहचा हिवाळा डिझेलच्या जनरेटरवर निघाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये श्रीनगरहून वीजवाहिनी आली आणि लेह देशाच्या जाळ्याला जोडलं गेलं.

फ्यांग गावात आम्ही मुद्दाम उतरलो. बर्फाचा स्तूप पाहायचा होता. तो वितळून शेतात गेला होता. काळा पाइप, काट्याकुट्यांचा सांगाडा आणि खाली हिरवीगार रोपं एवढं उरलं होतं. एका अर्थी हेच बघायला हवं होतं.

इथली शेती एका हंगामाची. जव आणि वाटाणा एप्रिल-मेमध्ये पेरायचा, सप्टेंबरात काढायचा. पाणी सगळं हिमनदीचं. पण ती जूनमध्ये नीट वितळू लागते. पेरणीच्या दिवसांत ओढे कोरडे असतात, आणि पीक काढून झाल्यावर हिवाळाभर तेच ओढे बारीक धारेने सिंधूला मिळत राहतात, कोणाच्याही उपयोगी न पडता. चेवांग नोर्फेल या सरकारी स्थापत्य अभियंत्याने हे कोडं सोडवलं. पोपलरच्या सावलीत, सुरू राहिलेल्या नळाखाली पाणी गोठून साचलेलं त्यांनी पाहिलं आणि त्यावरून कल्पना सुचली, असं सांगतात. त्यांनी हिवाळ्यात ओढ्याचं पाणी गावाच्या वर, डोंगराच्या सावलीत वळवलं, दगडी बांध घालून त्याचा वेग मोडला आणि पातळ थरांत गोठू दिलं. गावाच्या वरची मूळ हिमनदी फार उंचावर असते. हा बर्फ खाली असल्यामुळे आधी, म्हणजे नेमका एप्रिलमध्ये, वितळतो. २०१५ मध्ये नोर्फेल यांना पद्मश्री मिळाली. लडाखमध्ये मी ज्यांच्याशी बोललो त्यांतल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी त्यांचं नाव हात जोडून घेतलं.

नोर्फेल यांच्या पद्धतीला सावलीची आणि उंचीची जागा लागते. सोनम वांगचुक आणि सेकमोल या त्यांच्या शाळेतल्या मुलांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात पुढचं पाऊल टाकलं. ओढ्याचं पाणी वरूनच पाइपात घ्यायचं, पाइप जमिनीखालून गावापर्यंत आणायचा आणि उभा करायचा. पाणी आपली पातळी गाठू पाहतं, त्यामुळे पंप न लावता कारंजं उडतं. उणे वीस अंशांच्या हवेत थेंब खाली पडेपर्यंत गोठतात आणि शंकू वाढत जातो. हाच बर्फाचा स्तूप. शंकूच का? तेवढ्याच बर्फाचा सपाट थर केला तर सगळा पृष्ठभाग उन्हाला तोंड देतो. शंकूचा कमी देतो, म्हणून तो उशिरापर्यंत टिकतो. पाइप, गुरुत्वाकर्षण आणि रात्रीची थंडी. याला धरण लागत नाही आणि कोणाचं घर पाण्याखाली जात नाही. पाझर तलाव आणि शेततळ्यांच्या प्रदेशातून आलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागला नाही, पण मला खरं नवल वाटलं ते वाटपाचं. गावात पाण्याची पाळी ठरवणारा माणूस असतो, त्याला चुरपोन म्हणतात. कोणत्या पाटात कधी पाणी सोडायचं हे तो ठरवतो आणि त्याचा शब्द चालतो. बर्फाचा स्तूप नवा असला तरी त्याचं पाणी या जुन्या व्यवस्थेतूनच शेतात जातं.

लेहमध्ये पोचल्यावर मात्र चित्र पालटतं. लडाख पर्यटकांना १९७४ मध्ये खुलं झालं; त्या वर्षी ५२७ पर्यटक आले होते. २०२२ मध्ये पाच लाखांहून अधिक आले. सबंध लडाखची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २,७४,२८९ होती. म्हणजे चार-पाच महिन्यांत यजमानांच्या दुपटीइतके पाहुणे. त्यांत मराठी माणसं किती असतात, हे मुख्य बाजारात पाच मिनिटं उभं राहिलं तरी ऐकू येतं.

आम्ही गेलो ते वर्ष वेगळं होतं. एप्रिलमध्ये पहलगामला पर्यटकांची हत्या झाली होती, मे महिन्यात काही दिवस विमानतळ बंद होता. बाजारातली निम्मीअधिक हॉटेलं ओस. एका घरमालकाने, त्यांना सगळे आचो-ले म्हणत, आम्हाला लोणी-मिठाचा चहा देत सांगितलं, "चार महिन्यांत वर्षाचं कमवायचं. त्यातले दोन गेले. बँकेचा हप्ता मात्र बारा महिन्यांचा." एकाच हंगामावर आणि एकाच धंद्यावर घर उभं केलं की काय होतं, हे द्राक्षवाल्याला समजावून सांगावं लागत नाही. एक गारपीट पुरते.

पाण्याचा प्रश्न त्याहून खोल आहे. जुन्या लडाखी घरात संडास कोरडा असतो. वरच्या मजल्यावर मातीची जमीन, मधोमध भोक, कोपऱ्यात मातीचा ढीग आणि फावडं. वापर झाला की माती-राख लोटायची. खाली खोलीत सोनखत तयार होतं आणि वसंतात शेतात जातं. पाणीच नसल्यामुळे गोठायला काही नाही, दुर्गंधी नाही, खताला खर्च नाही. हॉटेलांना फ्लश हवा, म्हणून बोअर मारले गेले. मलपाणी शोषखड्ड्यांतून त्याच भूजलाकडे झिरपतं. हिवाळ्यात नळ फुटतात, म्हणून हॉटेल बंद. मातीच्या विटांची जाड भिंत दिवसाचं ऊन धरून रात्री सोडते; तिच्या जागी आलेली काँक्रीटची पातळ भिंत रात्री बर्फासारखी होते आणि मग बुखारीत रॉकेल, लाकूड ओतावं लागतं. ज्यांनी ही हॉटेलं बांधली त्यांना दोष देणं सोपं आहे. पण गरम पाण्याचा शॉवर आणि फ्लश मागणारे आपणच होतो. आचो-लेंच्या घरातला कोरडा संडास आम्ही वापरला. तो वापरण्यात काहीही कठीण नाही.

लेहमध्येच संरक्षण संशोधन संस्थेचं अतिउंचीवरच्या शेतीचं केंद्र आहे, डिहार नावाचं. १९६०च्या दशकात सैन्याला ताजी भाजी मिळावी म्हणून सुरू झालेलं. आज सैन्य इथल्या शेतकऱ्यांचं मोठं गिऱ्हाईक आहे. सहकारी संस्थांमार्फत बटाटा, कोबी, गाजर छावण्यांत जातं. लेहजवळच्या एका घरात हिवाळी हरितगृह पाहिलं. तीन बाजूंना जाड मातीच्या भिंती, उत्तरेकडची आतून काळी रंगवलेली, दक्षिणेला प्लास्टिकचा पडदा. शेगडी नाही, वीज नाही. दिवसा भिंत ऊन पिते, रात्री परत देते. बाहेर उणे वीस असताना आत पालक, मेथी, कोथिंबीर. पूर्वी हिवाळ्यात वाळवलेली भाजी आणि कंदमुळं एवढंच असायचं. घरच्या आमा-ले म्हणाल्या की लग्न होऊन आल्या तेव्हा जानेवारीत हिरवं पान दिसायचं नाही. आता त्या बाजारात विकतात. पर्यटक नसलेल्या महिन्यांतले ते पैसे त्यांच्या स्वतःच्या हातात येतात.

लेहहून सिंधूच्या उलट्या दिशेने आम्ही हान्ले गाठलं. उंची चौदा हजार फुटांवर. गावाच्या टेकडीवर, ४,५०० मीटरांवर, भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण इथे २००० पासून आहे आणि ती बंगळूरुजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवली जाते. शेजारी आयआयटी मुंबईच्या भागीदारीतली लहान स्वयंचलित दुर्बीण. आणि २०२४ मध्ये उद्घाटन झालेली, २१ मीटर व्यासाची, आरशांच्या फुलासारखी मेस दुर्बीण. सगळं इथेच का? हवा विरळ, कोरडी आणि ढगविरहित, आणि आसपास दिवा नाही. ज्या गुणांमुळे इथे पीक येत नाही त्याच गुणांमुळे आकाश पिकतं.

डिसेंबर २०२२ मध्ये हा परिसर अंधाराचं राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. गावातल्या तरुण-तरुणींना खगोलाचं शिक्षण आणि दुर्बिणी देण्यात आल्या. ज्या घरी उतरलो तिथल्या मुलीने खिडक्यांचे जाड पडदे ओढले, अंगणातला दिवा मालवला आणि आम्हाला शनीऐवजी आधी नुसतं आकाश बघायला लावलं. आकाशगंगा क्षितिजापासून क्षितिजापर्यंत. तिने धनू राशीकडे बोट करून आकाशगंगेचा मध्य दाखवला, तेव्हा आमच्यातला एकजण हळूच म्हणाला, "नारळीकर सर असायला हवे होते." जयंत नारळीकर जाऊन तेव्हा सहा आठवडेही झाले नव्हते. शाळेत त्यांच्या विज्ञानकथा वाचून आम्ही तारे ओळखायला शिकलो होतो. त्या मुलीला त्यांचं नाव माहीत होतं.

हान्लेहून माहेमार्गे पुगाच्या दरीत वळलो. जमिनीतून वाफ निघत होती, ओढ्याकाठी गंधकाचा वास आणि टाकणखाराचा पांढरा थर. भूगर्भ सर्वेक्षणाने १९७०च्या दशकातच इथे छिद्रं घेऊन अभ्यास केला होता. २०२१ मध्ये ओएनजीसीने एक मेगावॅटच्या पथदर्शी वीज प्रकल्पाचा करार केला. या उंचीवर खोदकामाला वर्षातले मोजकेच महिने मिळतात आणि काम रेंगाळतं. पण विजेपेक्षा मला वाफेने तापलेली घरं आणि हरितगृहं हा उपयोग जवळचा वाटला. भर हिवाळ्यात जमिनीतून फुकट ऊब येत असताना शेजारच्या तंबूत शेणाची शेगडी पेटते.

तो तंबू म्हणजे रेबो. याकच्या केसांचा, काळा. त्सो मोरीरी सरोवराकाठी, कोरझोकच्या वरच्या कुरणात चांगपा या भटक्या मेंढपाळांचे रेबो लागले होते आणि लोकर विंचरण्याचे दिवस होते. शेळी आडवी करून पाय बांधतात आणि लांब दातांच्या फणीने मानेपासून विंचरत येतात. वरचे राठ केस राहतात. आतली करड्या धुक्यासारखी लोकर फणीत येते. हीच पश्मिना. धागा साधारण बारा ते पंधरा मायक्रॉन जाडीचा, माणसाच्या केसाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढा. एका शेळीची वर्षाची लोकर पाव किलोच्या आसपास, आणि केस-कचरा काढल्यावर त्यातली निम्मीही उरत नाही. ही ऊब शेळीने उणे तीस-चाळीसच्या हिवाळ्यासाठी अंगावर उगवलेली असते. शेळ्या खाली गरम भागात नेल्या तर लोकर विरळ होते, असा चांगपांचा अनुभव. थंडी नसेल तर पश्मिना नाही.

या पाव किलोवर राज्यं लढली आहेत. १६८४ च्या तिंगमोसगांगच्या तहाने चांगथांगची लोकर लडाखमार्गे फक्त काश्मीरच्या व्यापाऱ्यांना द्यायची असं ठरलं. १८३४ मध्ये जम्मूचा राजा गुलाबसिंग याच्या सेनापतीने, जोरावरसिंगाने, लडाखवर स्वारी केली, त्यामागे या व्यापाराचाही लोभ होता. १८४६ च्या अमृतसरच्या तहात गुलाबसिंगाने इंग्रजांना दरवर्षी द्यायची खंडणी लिहिली आहे: एक घोडा, बारा शालीच्या शेळ्या आणि काश्मिरी शालींच्या तीन जोड्या. बारापैकी सहा नर, सहा माद्या. म्हणजे इंग्रजांना पैदास करायची होती.

एवढ्या व्यवहारात रेबोतल्या माणसाच्या वाट्याला काय आलं? लडाखमध्ये वर्षाला साधारण पन्नास टन कच्ची लोकर निघते आणि तिचा बराचसा भाग आजही कच्चाच बाहेर जातो. कातणं, विणणं, नक्षी, नाव हे सगळं दुसरीकडे. किंमत तिथे वाढते. केस वेगळे करणारं यंत्र २००४ मध्ये लेहला बसलं आणि मेंढपाळांची सहकारी संस्था उभी राहिली, तेव्हा पहिल्यांदा भाव ठरवताना त्यांना तोंड उघडता आलं. २०२३ मध्ये लडाखच्या पश्मिनाला स्वतःचं मानांकन मिळालं. तासगावचा शेतकरी द्राक्षाचा बेदाणा करून ठेवू शकतो, म्हणून पडत्या भावाला तो थोडा तरी तग धरतो. चांगपाला कालपरवापर्यंत ती सोय नव्हती.

दुसरी गोष्ट अधिक कठीण. २०१३ च्या हिवाळ्यात चांगथांगवर अवेळी इतका बर्फ पडला की चारा गाडला गेला आणि हजारो शेळ्या, विशेषतः पिल्लं, उपाशी मेली. २०२० पासून चीनशी तणाव वाढल्यावर सीमेलगतची काही हिवाळी कुरणं मेंढपाळांना बंद झाली. आणि मुलं शाळेसाठी लेहला गेली ती परत आली नाहीत. खारनाक भागातले बहुतेक चांगपा आता लेहबाहेरच्या खारनाकलिंग वस्तीत राहतात आणि मजुरी करतात. ज्या आजोबांनी आम्हाला फणी हातात देऊन पाहिली त्यांचे दोन्ही मुलगे गाडी चालवतात. "हिवाळ्यात इथे राहणार कोण?" असं ते म्हणाले आणि पुन्हा विंचरू लागले.

त्सो कार ओलांडून मोरेच्या मैदानात आलो. चाळीसेक किलोमीटर सपाट, दोन्हीकडे डोंगर, मधून कियांग म्हणजे रानगाढवांचा कळप धूळ उडवत जाताना. पुढे पांग. या भागात १३,००० मेगावॅटचा सौर आणि पवन ऊर्जा प्रकल्प ठरला आहे. हरियाणातल्या कैथलपर्यंत ७१३ किलोमीटरांची वाहिनी, तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, खर्च २०,७७३ कोटी. आपलं कोयना १,९६० मेगावॅटचं. सहा कोयना एका पठारावर मावतील. विज्ञान सरळ आहे: वर्षातले तीनशेवर दिवस ऊन, वरची हवा विरळ म्हणून किरण तीव्र, आणि सौरपट्ट्या तापल्या की कमी वीज देतात, गार राहिल्या की जास्त. राजस्थानच्या वाळवंटाला नाही ते इथल्या थंडीला जमतं. हा प्रकल्प व्हावा असं मला वाटतं. पण नकाशावर जी जमीन पडीक दिसते ती कोणाचं तरी हिवाळी कुरण आहे. कोयनेच्या धरणग्रस्तांचे कागद साठ वर्षांनंतरही कचेऱ्यांत फिरत आहेत, हे आमच्या जिल्ह्याने पाहिलं आहे. पांगला तसं होऊ नये. चांगपांना भाडं मिळावं, वाटा मिळावा, कुरणांचे पट्टे मोकळे राहावेत, आणि हे खांब रोवण्याआधी ठरावं.

लडाखचे लोक हेच मागत आहेत. नव्वद टक्क्यांहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. २०१९ मध्ये केंद्रशासित प्रदेश झाल्यावर विधानसभा नाही, म्हणून जमिनीवर आणि नोकऱ्यांवर आपला अधिकार राहावा यासाठी राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीचं संरक्षण आणि राज्याचा दर्जा ही त्यांची मागणी. मार्च २०२४ मध्ये सोनम वांगचुक यांनी उणे तापमानात उघड्यावर २१ दिवस उपास केला. आम्ही घरी परतलो आणि तीन महिन्यांच्या आत, २४ सप्टेंबर २०२५ ला, लेहमध्ये आंदोलन पेटलं. गोळीबारात चौघांचा जीव गेला. त्या बाजारात आम्ही लोणी-मिठाचा चहा प्यायलो होतो. बातमी वाचून आचो-लेंना फोन लावला. इंटरनेट बंद होतं. चार दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला.

पांगनंतर बारालाचा ला ओलांडली, लाहौलमध्ये उतरलो आणि अटल बोगद्याच्या नऊ किलोमीटरांतून मनालीला आलो. बाहेर पडताच देवदार आणि पावसाची सर. बॅगेत दोन किलो फटिंग होतं. तासगावच्या आमच्या व्यापाऱ्यांनी ते चाखलं, बी फोडून खाल्लं आणि पहिला प्रश्न विचारला तो भावाचा. त्यांतल्या दोघांनी कारगिलच्या त्या कुटुंबाचा नंबर घेतला आहे.

वाचकांपैकी कोणी लडाखला जाणार असेल तर एवढी विनंती. घरात उतरा, कोरडा संडास वापरा, बाटलीभर पाणी जपून वापरा. आणि शाल घेताना लोकर कुठल्या कुरणातली, कातली कोणी, विणली कोणी हे विचारा. लूम्स ऑफ लडाख ही तिथल्या बायकांची सहकारी संस्था आहे. लेहमधल्या त्यांच्या दुकानात या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळतात.